चौकोन, प्रश्नचिन्हे आणि मराठी दफ्तर

कोणत्याही व्यवसायाचा इतिहास लिहिताना त्यातील शोध, शोधकर्ते आणि भरभराटीची वर्षे यांची नोंद अगत्याने केली जाते. परंतु त्या व्यवसायात नित्य होणाऱ्या बिघाडांची आणि ते निस्तरणाऱ्या हातांची दखल सहसा कोणी घेत नाही. संगणकावरील मराठी लेखनाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. १९८० नंतरच्या तीन दशकांत महाराष्ट्रातील सरकारी दफ्तरे, पतपेढ्या, वकिलांची कार्यालये, छापखाने आणि वृत्तपत्रे यांतून जो मराठी मजकूर संगणकावर चढला, त्याच्या वाट्याला पडद्यावर कधी रिकामे चौकोन आले, कधी रोमन अक्षरांची निरर्थक रांग आली, तर कधी नुसत्या प्रश्नचिन्हांची अखंड ओळ आली. आणि अशा वेळी ज्याने खुर्ची पुढे ओढून तो दोष हुडकून काढला, तो बहुधा संगणकशास्त्राचा पदवीधर नसून टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेला एखादा कारकून किंवा डीटीपीच्या दुकानात बसणारा एखादा ऑपरेटर असे. या मंडळींनी अनुभवाने जी निदानविद्या कमावली ती फारशी कोठे ग्रथित झाली नाही. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि बदलीच्या हुकुमांबरोबर एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात, तोंडीच गेली.

या विद्येचा मागोवा घेऊ लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. पडद्यावर जो मजकूर उघडउघड बिघडलेला दिसला त्याची तक्रार झाली, त्यावर इलाज झाला आणि तो पुष्कळदा वाचला. उलट जो मजकूर पडद्यावर आणि कागदावर निर्दोष दिसला, परंतु ज्याच्या पोटात मराठी अक्षरांऐवजी भलतेच काही साठवलेले होते, त्याविषयी कोणाला संशयही आला नाही, आणि त्याचाच भुर्दंड मराठी दफ्तराला अधिक काळ सोसावा लागला. पुढील हकिकत मुख्यतः या दुसऱ्या, न दिसणाऱ्या दोषाची आहे.

या दोषाचे बीज संगणकाच्याही आधीचे, टंकलेखन यंत्रातले आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभार मराठीतून चालवावयाचा तर मराठी टंकलेखकांची गरज वाढणे स्वाभाविक होते, आणि मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांच्या गतीचे सरकारी प्रमाणपत्र हा अनेक घरांतील मुलामुलींच्या दृष्टीने नोकरीचा परवानाच ठरला. परंतु देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा सारा परिवार यंत्राच्या मोजक्या कळांवर बसवणे अशक्य असल्यामुळे यंत्र घडवणाऱ्यांनी अक्षर एकसंध न मानता त्याचे तुकडे पाडले. अर्धा भ एका कळेवर आणि त्याला पूर्ण करणारा काना दुसऱ्या कळेवर. वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येत असली तरी कागदावर ती आधी दिसते म्हणून तिची कळ आधी दाबायची. रफार उच्चारात आधी असला तरी तो पुढल्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून त्याची कळ नंतर दाबायची, असा हा शिरस्ता होता. यंत्राला ध्वनीशी कर्तव्य नव्हते, आकाराशी होते. आणि कागदापुरती ही व्यवस्था पूर्णतः योग्य होती, कारण कागदावर एकदा उमटलेल्या अक्षराला पुढे शोधले जाणे, वर्णानुक्रमे लावले जाणे किंवा दुसऱ्या यंत्राकडे पाठवले जाणे या कसोट्यांना उतरावे लागत नाही.

संगणकाच्या बाबतीत योग्य मार्ग सापडायला उशीर झाला, असे म्हणण्याचीही सोय नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिस्ट नावाचे जे तंत्र सिद्ध केले, ते पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढीस लागले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या आत एका खाचेत बसवले म्हणजे वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी तयार झालेल्या प्रोग्रॅमांतही देवनागरी लिहिता येई. या पद्धतीचे मूलतत्त्व टंकलेखन यंत्राच्या नेमके उलट होते. संगणकाने साठवायचे ते अक्षर, त्याचा आकार नव्हे; आणि अक्षरे साठवायची ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे आधी व्यंजन आणि मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेणे, रफार पुढल्या अक्षरावर चढवणे, जोडाक्षर घडवणे ही कामे दाखवण्याच्या वेळी यंत्राने करावीत. याच विचारावर १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला, ज्यात स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने उजव्या हाताखाली येतात. आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की या संकेतप्रणालीला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच संकेतमाला लागू केल्यामुळे तोच मजकूर देवनागरीतून गुजराती किंवा कन्नड लिपीत एका आज्ञेसरशी दाखवता येई.

असे असूनही पुढली पंधरा-वीस वर्षे मराठीचा संसार या पायावर न उभारता दुसऱ्याच एका युक्तीवर उभारला गेला. १९९२ मध्ये विंडोजच्या ३.१ या आवृत्तीबरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले, आणि कोणाही कुशल माणसाला नवा फॉन्ट तयार करून तो संगणकात बसवणे सुलभ झाले. मग कार्ड कशाला आणि संकेतप्रणाली कशाला? रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे रेखाटलेला एक फॉन्ट केला की संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच राहतो, आणि माणसाच्या डोळ्यांना मात्र तो मराठी दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचे आयएसएम, हिंदी पट्ट्यातून आपल्याकडे आलेला कृतिदेव, अशी अनेक साधने बाजारात आली. कळफलक टंकलेखन यंत्राच्या वळणाचा ठेवता येत असल्यामुळे परीक्षा दिलेल्या हातांना नवे काही शिकावे लागले नाही, आणि पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सारे छापून निघू लागले. या साधनांची नालस्ती करणे कृतघ्नपणाचे होईल, कारण मराठी मुद्रणाला खिळ्यांच्या कचाट्यातून सोडवण्याचे श्रेय त्यांचेच आहे. परंतु प्रत्येक साधनाचा अक्षरक्रम निराळा होता, आणि कोणाच्याही पोटात मराठी नव्हती.

हे प्रकरण नेमके काय होते ते एका शब्दावरून पाहावे. कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द टंकित केला म्हणजे संगणकाच्या स्मरणात जातात ती रोमन अक्षरे अशी: कॅपिटल एच, लहान के, पुन्हा लहान के, लहान जे आणि लहान आर. कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याला पूर्ण करणारा काना, दुसरा के 'भा' मधला खरा काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. फॉन्ट असेपर्यंत शब्द शुद्ध. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो पाच रोमन अक्षरांचा गोंधळ. त्यामुळे पुण्याच्या कचेरीतून सोलापूरच्या कचेरीला पाठवलेली फाईल तिकडे उघडली की पानभर निरर्थक इंग्रजी दिसे. मग फोन जाई, मग फाईलबरोबर फॉन्टचीही नक्कल फ्लॉपीवर घालून पाठवली जाई, ती कंट्रोल पॅनेलमधील फॉन्टच्या फोल्डरात उतरवली जाई, आणि त्यानंतरच पत्र वाचता येई. काही पॅकेजांबरोबर डोंगल नावाचे एक हार्डवेअर-कुलूप संगणकाच्या पाठीमागे लावावे लागे. ते सैल झाले की मराठी लिहिणे थांबे, आणि अनुभवी ऑपरेटर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी टेबलामागे हात घालून ते चाचपून पाहत असे.

याहून मजेदार, आणि निदानाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद, दोष वर्डमध्ये उद्भवत. १९९३ च्या वर्ड ६ पासून त्या प्रोग्रॅमात ऑटोकरेक्ट नावाची सोय आली. वाक्याचे पहिले अक्षर लहान राहिले असेल तर ते आपण होऊन कॅपिटल करणे, हे तिचे एक काम. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते उपकारक; परंतु कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे पूर्ण क आणि कॅपिटल डी म्हणजे अर्धा क असल्यामुळे 'करणे' या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्याचा आरंभीचा क वर्ड स्वतःच मोडून ठेवी, आणि लिहिणाऱ्याने कितीही काळजीपूर्वक कळ दाबली तरी तो पुन्हा मोडे. तीच गत अवतरणचिन्हांची. कृतिदेवमध्ये अर्धा श सरळ एकेरी अवतरणाच्या जागी आणि अर्धा ष सरळ दुहेरी अवतरणाच्या जागी बसवलेला. वर्डला सरळ अवतरण दिसले की ते वळणदार करण्याची हौस. आणि वळणदार चिन्हाच्या जागी फॉन्टमध्ये निराळाच आकार असल्याने 'शासन' आणि 'विशेष' हेच शब्द, जे सरकारी पत्रात पदोपदी येतात, विद्रूप होत. शिवाय १९९५ च्या आवृत्तीपासून शुद्धलेखन तपासणीची तांबडी नागमोडी रेघ आली, ती अर्थातच मराठी पत्राच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली उमटे, कारण वर्डच्या लेखी तो सारा मजकूर चुकीच्या इंग्रजीचा नमुना होता. यावरचा इलाज ऑपरेटरांनी शोधून काढला आणि पाठ केला: टूल्समध्ये जा, ऑटोकरेक्ट उघडा, तेथल्या सगळ्या खुणा काढून टाका, आणि मगच मराठीला हात घाला. यंत्राची हुशारी बंद करणे हा त्या काळच्या मराठी टंकलेखनाचा पहिला संस्कार होता.

हे सारे दोष डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्यांवर इलाज निघाला. ज्याला इलाज निघाला नाही तो दोष याच काळात एक्सेलच्या रकान्यांत निमूटपणे साठत होता. समजा, एखाद्या सोसायटीने आपल्या सभासदांची यादी कृतिदेवमध्ये उतरवली आणि नावे वर्णानुक्रमे लावण्याचा हुकूम सोडला. एक्सेल ती लावीत असे. परंतु मराठी वर्णानुक्रमाने नव्हे, तर पोटातल्या रोमन अक्षरांच्या क्रमाने. वेलांटी आधी टंकित होत असल्यामुळे आणि तिची जागा रोमन एफवर असल्यामुळे किशोर, दिनकर, विठ्ठल आणि शिवाजी, ज्यांच्या पहिल्या अक्षरांत वेलांटीखेरीज काहीही समान नाही, ते चौघे एकाच घोळक्यात सापडत. आणि म ईवर तर ह जीवर असल्याने हा घोळका माधवरावांच्या नंतर आणि हणमंतरावांच्या आधी उभा राही. यादी छापून निघे ती मात्र स्वच्छ, सुवाच्य आणि टंकदोषरहित. ज्यांनी हे पाहिले त्यांनी 'एक्सेलला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढून नावे हातानेच क्रमाने लावण्याचा परिपाठ पाडला. निष्कर्ष चुकीचा होता. एक्सेलसमोर मराठी आलीच नव्हती.

इंटरनेटच्या आगमनाने हा झाकलेला दोष चव्हाट्यावर आला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे निघू लागली, तेव्हा प्रत्येकाने आपापला फॉन्ट वापरला, आणि मुखपृष्ठाच्या माथ्यावर 'मजकूर दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्या' अशा अर्थाची सूचना लावली. न्यू जर्सीतील किंवा लंडनमधील मराठी वाचकाला दोन वर्तमानपत्रे वाचायची तर दोन निराळे फॉन्ट बसवणे आले, आणि नोकरीच्या जागी फॉन्ट बसवण्याची मुभा नसेल तर वाचनच खुंटले. यावर उपाय म्हणून पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याचे तंत्र निघाले. परंतु मायक्रोसॉफ्टची पद्धत इंटरनेट एक्स्प्लोररपुरती आणि नेटस्केपची पद्धत नेटस्केपपुरती असल्याने एका ब्राउझरमध्ये सुरेख दिसणारे पान दुसऱ्यात रोमन अक्षरांचा ढीग होऊन पडे. पुढे २००४ च्या अखेरीस फायरफॉक्स अवतरला, तेव्हा जुन्या फॉन्टांतला मजकूर वाचतावाचता युनिकोडमध्ये पालटून दाखवणारे पद्म नावाचे एक जोडसाधनही त्यासाठी निघाले, ही या धडपडीतील एक कल्पक पायरी म्हटली पाहिजे. तथापि वाचकाची अडचण अशी कशीबशी दूर झाली तरी शोधयंत्राची झाली नाही. वर्षानुवर्षांचे अग्रलेख आणि वार्तापत्रे संकेतस्थळांवर उघडी असूनही कोणाला मराठी शब्द घालून ती शोधता येत नव्हती, कारण त्यांत मराठी शब्दच नव्हते.

या अवस्थेतून सुटका झाली ती युनिकोडमुळे. जगातील सर्व लिप्यांना एकाच संकेतमालेत सामावणाऱ्या या प्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील देवनागरीची १२८ स्थाने इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीच्या धर्तीवर आखलेली होती. म्हणजे कानपूर आणि पुणे येथे झालेल्या विचाराला अखेर या मार्गाने न्याय मिळाला. प्रत्यक्ष वापराला मात्र २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची घडण करणारे यंत्र आणि मंगल हा फॉन्ट अंगभूत होता. मंगलची आखणी करणारे प्राध्यापक र. कृ. जोशी हे मराठीतील थोर सुलेखनकार आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापक होते; ज्यांनी आयुष्यभर बोरूच्या वळणाचा अभ्यास केला त्यांच्याच हातून कोट्यवधी लोकांच्या पडद्यावरचे अक्षर घडावे, हा योग समर्पकच म्हणावा लागेल. २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने आरंभापासून युनिकोडच स्वीकारला, आणि रोमन कळांवरून उच्चारानुसार मराठी लिहिण्याची गमभनसारखी साधनेही पुढे निघाली.

परंतु नव्या व्यवस्थेने नवे बिघाडही बरोबर आणले. २००१ मध्ये आलेले विंडोज एक्सपी महाराष्ट्रातील कचेऱ्यांत दीर्घकाळ नांदले, आणि त्यात भारतीय लिप्यांचा आधार असूनही तो आपोआप चालू नसे. फॉन्ट कोठून तरी येऊन बसलेला, पण घडणीचे यंत्र निद्रिस्त, अशा संगणकावर वेलांट्या व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसत आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत. फॉन्टही नसेल तर रिकाम्या चौकोनांची रांग लागे. यावरचा विधी असा: कंट्रोल पॅनेल उघडावे, प्रादेशिक आणि भाषाविषयक पर्यायांत जाऊन भाषांचे पान काढावे, गुंतागुंतीच्या लिप्यांच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फायली बसवण्याविषयीच्या चौकटीत खूण करावी, आणि होकार द्यावा, की यंत्र विंडोजची मूळ सीडी मागे. ही सीडी पुष्कळ ठिकाणी पुरवठादाराकडेच राहिलेली असे, किंवा भांडारपालाच्या कपाटात कुलूपबंद असे; त्यामुळे एका टिचकीचे काम टिपणी, मंजुरी आणि पोच यांच्या फेऱ्यात दिवसेंदिवस अडकून राही. विंडोजच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून हा आधार मुळातच चालू स्थितीत येऊ लागला, आणि सीडीच्या शोधाचा तो अध्याय संपला.

या काळात जाणत्या ऑपरेटरांच्या ध्यानात आलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही की, पडद्यावरील प्रत्येक विद्रूपतेचे एक निश्चित कारण असते आणि ती नीट पाहिली तर मजकूर जिवंत आहे की मेला, हे हात लावण्यापूर्वीच सांगता येते. चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे, त्याला फक्त आकार देणारा फॉन्ट नाही. ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला टेकलेली मात्रा दिसली तर मात्रेला व्यंजनाचा आधार नाही, म्हणजे टंकिताना क्रम चुकला आहे. आणि माथ्यावर तिरकस रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चलनाची एक अपरिचित खूण, मग आणखी काहीतरी, असे तेच तेच त्रिकूट पुनःपुन्हा आले तर मजकूर युनिकोडचा आहे पण वाचणारा प्रोग्रॅम त्याला पश्चिम युरोपीय समजतो आहे. याचे कारण यूटीएफ-८ या पद्धतीत आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यांतला पहिला बाइट सर्व देवनागरी अक्षरांना एकच असतो. म्हणून चुकीच्या वाचनातही ती पुनरावृत्ती लपत नाही. ब्राउझरमध्ये असे झाले तर व्ह्यूमधील एन्कोडिंगच्या यादीतून यूटीएफ-८ निवडताच क्षणात मराठी प्रकट होई. एक्सेलमध्ये हाच प्रकार सीएसव्ही फाईल दोनदा टिचकी मारून उघडल्याने होतो. तेथे फाईल थेट न उघडता डेटाच्या पानावरून मजकूर आयात करावा आणि मूळ संकेताच्या यादीत खाली जाऊन ६५००१ हा क्रमांक निवडावा, हा तोडगा आजही अनेक कचेऱ्यांत जाणकाराच्या जिभेवर असतो.

प्रश्नचिन्हांचे मात्र तसे नाही. सलग प्रश्नचिन्हे दिसली म्हणजे पुष्कळदा अक्षर नष्ट झालेले असते आणि त्याच्या जागी खरोखरीचे प्रश्नचिन्ह साठवलेले असते. कोणताही फॉन्ट किंवा कोणतीही निवड ते परत आणू शकत नाही. नोटपॅड हा साधा प्रोग्रॅम २०१९ पर्यंत आपण होऊन जुन्या, मराठी न जाणणाऱ्या संकेतात फाईल जतन करी. जतन करताना 'यातील युनिकोड अक्षरे नाहीशी होतील' असा इशारा इंग्रजीतून देई, आणि रोज दहा चौकटींना ओके म्हणण्याची सवय झालेला हात याही चौकटीला ओके म्हणे. डेटाबेसमधील रकाना युनिकोडसाठी न आखता जुन्या पद्धतीचा ठेवला तरी हेच होई, आणि अर्जदाराने शुद्ध मराठीत भरलेले नाव दफ्तरात पाच-सहा प्रश्नचिन्हे होऊन दाखल होई. म्हणूनच चौकोन दिसल्यावर निश्चिंत राहणारा अनुभवी माणूस प्रश्नचिन्ह दिसताच प्रथम मूळ प्रतीची चौकशी करतो.

युनिकोडच्या या राज्यात मराठीच्या स्वतःच्या काही खोडीही उघड झाल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद मराठी माणसाला सांगावा लागत नाही. परंतु त्यातला अर्धचंद्राकृती र लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावा, किंवा साध्या र चा पाय मोडून त्याच्यामागे एक अदृश्य सांधा ठेवावा. दोन्हींचे दर्शनी रूप एक, संकेत मात्र दोन. एका यादीत 'कऱ्हाड' पहिल्या रीतीने आणि दुसरीत दुसऱ्या रीतीने लिहिलेले असले तर त्या याद्या एक्सेलमध्ये जुळवताना तो तालुकाच गळतो, आणि तपासनीस कितीही डोळे ताणून पाहो, दोन्हींत फरक दिसत नाही. ॲ या अक्षराला तर २००८ च्या ५.१ या आवृत्तीपर्यंत स्वतंत्र स्थानच नव्हते. लोक अ ला वरून चंद्र जोडत, किंवा हिंदी वळणाचा ऍ पत्करत, त्यामुळे 'ॲडव्होकेट' हा एकच शब्द एका जिल्ह्याच्या वकिलांच्या यादीत तीन प्रकारांनी नांदू शकतो आणि वर्णानुक्रमात तीन ठिकाणी विखुरतो. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाणित रूप ठरवणारा निर्णय काढला, आणि त्याच महिन्यात केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोडला प्रमाण मानले. एकरूपतेकडे नेणारी ही दोन्ही पावले योग्यच होती. पण शासनाने अक्षराचे रूप ठरवले तरी पूर्वीच साठलेल्या मजकुराच्या पोटातले संकेत त्यामुळे बदलत नाहीत.

पूर्वी साठलेला हा मजकूरच आजचा खरा प्रश्न आहे. दीड-दोन दशकांत जुन्या फॉन्टांतून तयार झालेली इतिवृत्ते, पुस्तके, याद्या आणि स्मरणिका युनिकोडमध्ये पालटणारे परिवर्तक उपलब्ध आहेत आणि ते पुष्कळ काम चोख करतात. तथापि वेलांटी आणि रफार यांचा क्रम उलटवताना जोडाक्षर आडवे आले की ते अडखळतात, आणि मजकुरात मधेच खरे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचेही निर्विकारपणे मराठीकरण करतात. पीडीएफची अवस्था याहून कठीण. ती पाहताना डोळ्यांना पूर्ण समाधान मिळते. तिच्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की रोमन अक्षरे पडतात, आणि जेथे फॉन्ट युनिकोडचा असतो तेथेही जोडाक्षरांची मोडतोड होऊन वेलांट्या इतस्ततः विखुरतात, कारण पीडीएफ ही मुळात छपाईची भाषा असून तिला अक्षराच्या आकाराचे आणि जागेचे जेवढे अगत्य आहे तेवढे त्याच्या अर्थाचे नाही. टंकलेखन यंत्राने अक्षराकडे ज्या दृष्टीने पाहिले, तीच दृष्टी येथे निराळ्या वेषात पुन्हा भेटते.

या सर्व इतिहासाचा कचेरीला उपयोग काय, असे कोणी विचारील तर उत्तर व्यवहाराचे आहे. मसुदा बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची आपली जुनी रीत म्हणजे तो छापून वाचणे आणि खाली सही करणे. कागदाच्या राज्यात ती पुरेशी होती, कारण कागदावर दिसते तेच असते. संगणकावरील दस्तऐवजाला मात्र आणखी तीन परीक्षा द्याव्या लागतात: त्यातला एखादा मराठी शब्द युनिकोड कळफलकावरून टंकून शोधला असता सापडतो काय, नावे लावली असता अ पासून ज्ञ पर्यंत लागतात काय, आणि त्यातली एक ओळ उचलून नोटपॅडात ठेवली असता मराठीच राहते काय. तिन्हींना मिळून दोन मिनिटे लागतात. त्यांत जो दस्तऐवज नापास होईल तो कितीही सुबक छापलेला असला तरी दफ्तरात मराठी म्हणून दाखल करून घेऊ नये, आणि ज्याने तो तयार केला त्याच्याकडून तो त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा. कारण त्या दिवशी मूळ प्रत, मूळ फॉन्ट आणि मूळ लिहिणारा हे तिन्ही हाताशी असतात, आणि पुढे वर्षे लोटल्यावर त्यांपैकी एकही मिळेल याची हमी कोणतीही कचेरी देऊ शकत नाही.